केळफुलाखालची दुपार

माझ्या सासऱ्यांनी ते केळफूल कापलं ते चांगल्या मनानं कापलं, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं सगळं आयुष्य रत्नागिरीकडच्या बागेत गेलेलं. लोंगराच्या, म्हणजे केळ्यांच्या घडाच्या, फण्या धरल्या की खालचं फूल काढायचं, म्हणजे झाडाचा जोर फळांकडे वळतो, हे त्यांच्या हातांना इतकं पाठ होतं की हात डोक्याला विचारायला जातच नसत. ते आदल्या संध्याकाळीच शारजाला उतरले होते. सकाळी सगळे झोपलेले असताना अंगणात गेले, फूल दिसलं, मॉपच्या दांडीला स्वयंपाकघरातली सुरी बांधली आणि कापलं. त्या फुलाला हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना सांगायचं राहून गेलं, आणि ते माझंच काम होतं.

ते फूल कोणासाठी राखून ठेवलं होतं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

दुबई मरीनामध्ये आमचं ऑफिस होतं. मी क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे इमारतीला किती सिमेंट, किती सळई लागेल याचा हिशेब करणारा. खिडकीतून क्रेन दिसत. दोन हजार आठच्या शेवटी त्या एकेक करून थांबल्या आणि थांबल्या त्याच दिशेला तोंड करून महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. ऑफिसात काम उरलं नाही, चहा मात्र दुप्पट झाला. ज्यांच्याशी मी पाच वर्षांत कधी धड बोललो नव्हतो त्यांच्या मुलांच्या शाळा मला त्या दिवसांत कळल्या. कोण गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून पळाला, कोणाची बायको आधी गेली, कोण कॅनडाचं बघतोय. एका दुपारी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की दोन ड्राफ्ट्समनपैकी एकच ठेवता येईल, तर कोणाला ठेवू. एक वयानं मोठा, केरळचा, तीन मुलांचा बाप. दुसरा फिलिपीन्सचा तरुण, एकटा. मी मोठ्याचं नाव घेतलं.

त्याच संध्याकाळी बसस्टॉपवर मी त्या तरुणाला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे, पोटात काही ठेवता येत नाही. बायको म्हणते, तुम्हाला स्वतःचा एखादा गुन्हा सापडला नाही तर दिवस सुना जातो. त्यानं खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाला, "ओके लँग, सर. सॉरी, सर." ओके लँग म्हणजे त्यांच्या भाषेत, चालेल, काही हरकत नाही.

सॉरी तो म्हणाला. नोकरी गेली त्याची, आणि माफी तो मागत होता. रात्रभर मला ते लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचं आमंत्रण देऊन टाकलं.

"प्रायश्चित्त तुमचं आणि पोळ्या मी लाटायच्या," बायको म्हणाली. पण पहिल्याच शुक्रवारी त्यानं स्वतःहून भांडी घासली, आमच्या मुलीला पेन्सिलनं मांजर काढून दिलं, आणि मग बायकोच मला गुरुवारी आठवण करू लागली की उद्या तो येणार आहे, मासे आणा.

आम्ही शारजात, रोल्लापासून जवळच एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर राहत होतो. मागं भिंतीनं वेढलेलं छोटं अंगण होतं. बायकोनं गावाहून आणलेला केळीचा मुनवा तिथं लावला होता आणि धुणीभांड्यांच्या पाण्यावर तो चांगला वाढला होता. मार्चमध्ये लोंगर पडलं. त्या शुक्रवारी तो तरुण हात धुवायला अंगणात गेला तो परतलाच नाही. मी बघायला गेलो तर केळीखाली उभा राहून फुलाच्या टोकाकडे टक लावून बघत होता. बायकोला वाटलं याला भाजी आवडत असणार. तिनं सांगितलं, पुढच्या आठवड्यात करते, काळे वाटाणे भिजत घालते.

"नो, मॅडम. प्लीज," तो म्हणाला. इतक्या घाबऱ्या आवाजात म्हणाला की मुलगी आतून धावत आली. "गुड फ्रायडेपर्यंत राहू द्या."

मग त्यानं आम्हाला सगळं सांगितलं. तो हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायचा, मी माझ्या भाषेत सांगतो.

त्याचं गाव डोंगरातल्या भातखाचरांचं. खाली नदीकाठी स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं शहर. हातभर जाडीच्या भिंतींचं दगडी चर्च, फरसबंद गल्ली, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. डोंगरातली माणसं त्या शहरात जायची ती बाजाराला, बाप्तिस्म्याला आणि पुरायला. चर्चच्या मागं पाद्र्यांची जुनी कोठी होती, छप्पर भूकंपात गेलेली, आणि तिच्या एका खोलीत जमीन फोडून केळी उगवल्या होत्या. त्यांच्याकडे अशी श्रद्धा की गुड फ्रायडेला काही तास देव मेलेला असतो, जगावर कोणाचा पहारा नसतो, आणि तेव्हा केळफुलाच्या टोकातून दवाच्या थेंबाएवढा एक खडा सुटतो. तो तोंडात झेलून गिळला की माणसाला आयुष्यभर भीती वाटत नाही. बाकी गावांत म्हणे मध्यरात्री उभं राहतात, त्यांच्याकडे दुपारी. तीन वाजता, ख्रिस्तानं प्राण सोडला त्या वेळी. आणि केळ जुन्या भिंतीच्या नजरेत असेल तर जास्त चांगलं.

मात्र एक अट होती. त्या वेळी भुतं येतात, आणि ती ओळखीच्या माणसांची रूपं घेऊन येतात. काहीही विचारतात. एक शब्द जरी उत्तर दिलं तरी खलास.

हा सोळा वर्षांचा असताना डोंगर उतरून त्या कोठीत जाऊन उभा राहिला होता. कारण साधंच होतं. माणसांसमोर उभं राहिलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मास्तरांनी उभं केलं की घाम फुटायचा. तोंड वर करून, आ वासून तो उभा होता. तीन वाजायला थोडाच वेळ होता आणि दारातून त्याचे शाळेतले मास्तर आले. म्हणाले, "शर्ट बाहेर आलाय."

"मग?" मुलीनं विचारलं.

"आय सेड सॉरी, सर."

आमची मुलगी हसून जमिनीवर लोळली. तोही हसला. पुढं म्हणाला की दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तर मास्तर त्या वेळी मिरवणुकीत क्रूस खांद्यावर घेऊन चालत होते, सगळ्या शहरानं बघितलं होतं. तेव्हापासून मी सॉरीच म्हणतोय, तो म्हणाला.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. व्हिसा रद्द झाल्यावर महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर त्याला देश सोडावा लागणार होता. त्यातला बराचसा महिना सरला होता. अबुधाबीला एक इंटरव्ह्यू झाला, तिथं त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेबलाकडे बघितलं आणि निघताना सॉरी म्हणाला. फुजैराच्या बंदराजवळच्या एका तेलाच्या टाक्यांच्या कंपनीत अर्ज केला होता, तिथून कधीही फोन येऊ शकत होता, आणि फोनचीच त्याला सगळ्यात जास्त धास्ती होती. ड्रॉइंग तो असं काढायचा की आमचे इंजिनिअर त्याच्या टेबलापाशी घुटमळत. पण ड्रॉइंगला तोंड नसतं. तोंड त्यालाच उघडावं लागणार होतं.

मी देवाधर्माच्या बाबतीत साधा माणूस आहे, चतुर्थी पाळतो, फार खोलात जात नाही. पण त्याला मी म्हणालो की फूल तुझं. बायकोनं वाटाणे परत डब्यात भरले.

आणि गुड फ्रायडेच्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर सासरे ओट्यापाशी स्टुलावर बसून पांढऱ्या फुलांतली एकेक काळी काडी निवडत होते. अर्धं केळफूल ताकात पडलं होतं.

"चांगलं पुष्ट होतं हो, जावईबापू," ते म्हणाले. "तुम्ही लोकांनी इतके दिवस ठेवलंत कसं? लोंगर पोसायचं कसं अशानं?"

बायको उठून आली, ताकाच्या पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अण्णा," फूल कोणासाठी होतं ते त्यांना सांगून ती म्हणाली, "आता तुम्हीच सांगा त्याला."

तो साडेदहाला आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, पॅन्टमध्ये नीट खोचलेला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी दारातच सांगायला सुरुवात केली, चूक माझी, मीच सांगायला हवं होतं, मी रात्री विसरलो, आणि माझं संपेपर्यंत सासऱ्यांनी पातेलंच आणून त्याच्यासमोर धरलं. त्यानं ताकात तरंगणारी फुलं बघितली. त्याच्या ओठांवर सॉरी येतंय हे मला दिसत होतं.

तेवढ्यात सासरे मला म्हणाले, "या मुलखात काय एकच केळ आहे?"

शुक्रवार सकाळ, सगळं बंद. शारजात दुसऱ्याच्या अंगणात केळ कुठं शोधायची? पण डोंगरापलीकडे, फुजैराच्या बाजूला बागा आहेत, हे मला ठाऊक होतं. मसाफीच्या रस्त्यावरच्या बाजारातून आम्ही कधीकधी कलिंगडं आणायचो. बायकोनं चपात्यांचा डबा बांधला, सासरे बूट घालून आधीच गाडीत पुढं बसले. "यल्ला," मुलगी दारातून ओरडली.

धैदपर्यंत लाल वाळू, मग काळे बोडके डोंगर. मी तासभर माफी मागत गाडी चालवली. तो मागून दर वेळी ओके लँग म्हणत होता. सासऱ्यांनी शेवटी मला गप्प केलं आणि त्याच्याशी बोलायला लागले. ते मराठीत, तो इंग्रजीत. सासऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोणत्या जातीची केळी, सफेद वेलची होते का. तो म्हणाला की त्याची आई शाळेत स्वयंपाक करते. सासरे म्हणाले, होय ना, पाणी जास्त झालं की मुळं कुजतात. मी दुभाषाचं काम करू लागलो तर सासऱ्यांनी हातानं थांबवलं. त्यांचं छान चाललं होतं. मसाफी येईपर्यंत तो त्यांना लोलो म्हणायला लागला होता, त्यांच्याकडे आजोबांना तसं म्हणतात. मी सांगितल्यावर सासरे खूश झाले. "म्हण बाबा, लोलो तर लोलो."

बाजार जुम्म्याच्या नमाजासाठी थांबलेला. दुकानदार दुकानांवर कापड टाकून गेले होते. आम्ही गाड्यांच्या सावलीत उभं राहून वाट बघितली. एक वाजून गेल्यावर एक केरळी फळवाला परतला. त्याच्या दुकानात केळ्यांची लोंगरं टांगलेली होती. सासऱ्यांनी एक लोंगर वळवून, फण्या दाबून तपासलं आणि ही बाग कुठं आहे ते विचारायला मला लावलं.

"ये फिलिपीन का माल है," फळवाला म्हणाला.

आमचा तरुण इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. सासरे म्हणाले, याच्या गावचं केळं याच्याआधी इथं येऊन पोचलं. मग फळवाल्यानं सांगितलं की इथल्या मातीतली केळी हवी असतील तर समुद्राच्या बाजूला बिदियाकडे जा, जुन्या पडक्या भिंतीमागं एक बाग आहे, तिथं एक बांगलादेशी माणूस राहतो, त्याला माझं नाव सांगा. सासऱ्यांनी तिथं कडक चहा घेतला, एका दिरहमचा, आणि मोठ्यानं म्हणाले, "तेरा रुपये. बागेतला माणूस तरी फुकट बोलू दे म्हणजे झालं."

बागेत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आमचा तरुण म्हणाला, हरकत नाही, शेवटचाच वेळ महत्त्वाचा. समुद्र हाकेवर होता. खजूर, आंबे, आणि पाटाच्या कडेला पाचसहा केळी. त्यातल्या एकीला जमिनीपासून पुरुषभर उंचीवर जांभळं फूल लटकत होतं. आणि बागेच्या टोकाला खरोखरच एक जुनी भिंत होती, समुद्रातल्या दगडांची, अर्धी ढासळलेली. तिच्यावर शेळ्या चढल्या होत्या.

बागेतला माणूस भला होता. भिंत कोणाची म्हणून विचारलं तर म्हणाला, "पुर्तुगाली बोलते हैं. हमको क्या मालूम." त्या तरुणानं भिंतीला हात लावून कपाळाला लावला. स्पॅनिश नाहीत पण शेजारीच, तो मला म्हणाला, एकाच घरातले चुलत भाऊ. सासरे म्हणाले, आमच्या किनाऱ्यावरही यांनी किल्ले बांधलेत, चुना चांगला वापरायचे मेले.

आम्हाला त्या फुलाखाली उभं राहायचंय हे त्या बांगलादेशी माणसाला मी कसंबसं समजावलं. त्यानं अर्धंच ऐकलं. "अरे, मोचा? हमारे देश में भी खाते हैं," तो आनंदानं म्हणाला, आणि कमरेचा कोयता काढून, एका हातानं फूल धरून त्यानं कोयता उचलला.

आम्ही तिघं एकदमच ओरडलो. शेळ्या भिंतीवरून उड्या टाकून पळाल्या. सगळ्यात मोठ्यानं सासरे ओरडले होते. त्यांनी पुढं होऊन त्याच्या हातातला कोयता काढून घेतला, पाटाच्या पलीकडे नेऊन ठेवला आणि परत येऊन म्हणाले, "सकाळी माझ्या हातून जायचं ते गेलं. हे मी जाऊ देणार नाही. मी इथंच उभा राहतो."

मी त्यांना सांगितलं की इथं उभं राहायचं तर बोलता येणार नाही. एक शब्दही नाही, भूत ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन आलं तरी. माझे सासरे झोपेतही बोलतात. ते म्हणाले, बघू या की.

तो तरुण फुलाखाली उभा राहिला. मान मागं टाकली, तोंड उघडलं. सासरे त्याच्या शेजारी हात जोडून. बांगलादेशी माणूस काही न कळूनही टोपी सारखी करून मागं बसला. मी माझी जागा भिंतीपाशी, गाडीजवळ घेतली. त्याचा फोन त्यानं माझ्याकडे दिला होता.

कितीतरी वेळ काही झालं नाही. पाटाचं पाणी वाहत होतं. मी भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होतो आणि मनातल्या मनात मॅनेजरची केबिन पुन्हा पुन्हा चालू होत होती. मी दुसरं काही म्हणू शकलो असतो का? नसतो म्हणू शकलो. तीन मुलांचा बाप होता तो दुसरा. तरी मी मनात त्याची माफी मागतच राहिलो, जशी गाडीत मागितली होती, फक्त आता थांबवणारं कोणी नव्हतं.

तीनला दहा-बारा मिनिटं असताना फोन वाजला. नंबर फुजैराचा होता.

मी धावत पाटाच्या कडेला गेलो. फोन त्याच्यासमोर धरला. "टाक्यांच्या कंपनीचा फोन आहे. उचल. नंतर उभा राहा हवं तर, मी पाया पडतो, पण हा उचल."

त्यानं मान खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या मुलानं तीन वर्षांत माझ्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. आता बघत होता, सरळ, पापणी न हलवता, जसं आपण दाराबाहेरच्या अनोळखी माणसाकडे जाळीतून बघतो. मग मला कळलं की त्याच्या हिशेबात मी मी नव्हतोच. मी मास्तर होतो, शर्ट बाहेर आलाय म्हणणारा. मी सासऱ्यांकडे बघितलं. "अण्णा, तुम्ही तरी सांगा त्याला." सासऱ्यांनीही माझ्याकडे तसंच बघितलं, ओळख नसल्यासारखं, आणि माझ्या खांद्यावरून समुद्राकडे नजर लावली. मला बागेत सगळ्यांनी मिळून भूत ठरवलं होतं.

फोन वाजायचा थांबणार होता. मी भिंतीमागं पळालो आणि घेतला.

पलीकडे एक इजिप्शियन इंजिनिअर होता, घाईत. ज्याला फोन केला तो कुठं आहे? खोटं बोलायची मला सवय नाही आणि खरं सांगायची सोय नव्हती. मी म्हणालो, आज गुड फ्रायडे आहे, तो प्रार्थनेत उभा आहे, तीनपर्यंत बोलणार नाही.

मला वाटलं फोन ठेवील. "प्रार्थना आधी, हबीबी," तो म्हणाला. "मी पण आत्ताच जुम्म्याहून आलोय. पण मी आज रात्री कैरोला चाललोय, दोन आठवडे. माझा ड्राफ्ट्समन परवा न सांगता पळालाय. हा शारजाहून किती वाजेपर्यंत पोचेल?"

मी म्हणालो, तो शारजात नाही, बिदियात आहे.

"बिदियात? मग तर अर्ध्या तासावर आहे. चार वाजता गेटवर आणा त्याला. इन्शाल्ला."

मी परतलो तेव्हा तो पुन्हा मान मागं टाकून उभा होता. काही वेळानं त्याच्या घड्याळाचा गजर वाजला. त्याआधी जरा त्याचा कंठ हलला, त्यानं काहीतरी गिळलं, एवढं मी नक्की बघितलं. खडा, थेंब, मुंगी, काय ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. मिळालं तर सांगायचं नसतं, अशी त्यांच्याकडे रीत आहे, आणि नाही मिळालं तर विचारणं बरं नव्हे.

"बोलू का आता?" सासऱ्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बोलायलाच लागले. त्यांच्या मांडीला मुंगळा चावला होता, तरी ते हलले नव्हते, हे त्यांनी मला, त्या तरुणाला आणि बांगलादेशी माणसाला तीन वेगवेगळ्या वेळा सांगितलं.

मी फोनचं सांगितलं. तो पांढरा पडेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. केळीचा चीक गळून खांद्यावर, छातीवर डाग पडले होते, आत्ता पुसट, पण सासऱ्यांना माहीत होतं की तासाभरात ते काळे पडणार आणि जन्मात निघणार नाहीत. त्यांनी तिथंच अंगातला शर्ट काढून त्याला दिला. पांढराच होता, जुना, दोन माणसं मावतील एवढा. त्यानं तो घातला, खोचला, बाह्या दुमडल्या. सासरे बनियनवर गाडीत बसले.

तेलाच्या टाक्यांच्या कंपनीच्या गेटवर नेपाळी पहारेकऱ्यानं आत वाकून बघितलं, बनियनमधल्या म्हाताऱ्यावर त्याची नजर बराच वेळ राहिली, मग त्यानं फक्त त्या तरुणाला आत सोडलं. आम्ही बाहेर थांबलो. डोंगर पश्चिमेला असल्यामुळे तिकडे ऊन लवकर जातं. सासरे म्हणाले, "घाबरला नाही हो आज." मग थोड्या वेळानं, "की घाबरलाय पण दाखवत नाही?" मला काय सांगता येणार. पाच वाजले. मी चपात्यांचा डबा उघडला आणि दोघांनाही जेवण गेलं नाही.

सव्वापाचला तो इंजिनिअर त्याच्याबरोबर गेटपर्यंत आला, हातात गुंडाळलेलं ड्रॉइंग. मला वाटलं काहीतरी बिघडलं.

"तुम्ही फोनवर होतात?" त्यानं मला विचारलं. "हा मुलगा माझ्याशी भांडला. म्हणतो, तुमच्या पाइपची लाइन चुकलीय, पायऱ्यांना अडेल. मी म्हटलं नाही. म्हणतो, चुकलीय. मी म्हटलं नाही. म्हणतो, चला, बाहेर जाऊन बघू." त्यानं ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारली. "चुकलीय," तो म्हणाला.

रविवारपासून यायचं ठरलं. सुरुवातीला तीन महिने, मग पुढचं पुढं. व्हिसाचं काम कंपनीच बघणार होती.

इंजिनिअर गेल्यावर सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. मी बोलायला तोंड उघडलं, म्हणजे काय बोलणार होतो ते सगळ्यांना ठाऊकच होतं, फुलाचं, फोनचं, केबिनचं. त्यानं मला हातानं थांबवलं.

"सर, तुम्ही केळीपाशी किती वेळा आलात?"

"एकदा. फोन घेऊन."

त्यानं मान हलवली. "फोन घेऊन आलात ते मला कळलं नाही, तुम्ही की भूत. म्हणून बोललो नाही. पण त्याच्या आधी एकदा आलात. फोन नव्हता हातात. तुम्ही रडत होतात, आणि चूक माझी, चूक माझी म्हणत होतात. मला खूप वाटलं की ओके लँग म्हणावं." तो हसला. "ते तुम्ही नव्हतात, सर. मी उत्तर दिलं नाही, आणि तो गेला. परत आला तर तुम्हीही देऊ नका."

सासऱ्यांनी विचारलं, काय म्हणतोय. मी शब्दाला शब्द सांगितलं.

"मला कोणी दिसलं नाही, शेळ्या तेवढ्या दिसल्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "पण पोरगा सांगतोय ते ऐका, जावईबापू. आणि आता गाडी काढा, मला थंडी वाजतेय."